सारसांची आणेवारी

इतवारी बाजारातल्या एका धान्य दलालानं मला फसवलं. हातगाडीवर भांडी विकत मी दुकान उभं केलं. मला फसवील असा माणूस अख्ख्या बाजारात नव्हता. हा निघाला.

पिकाचा अंदाज आपल्याकडे आण्यांत सांगतात. सोळा आणे म्हणजे भरभरून. नवे पैसे आले तरी हा गृहस्थ कशाचीही आणेवारी काढायचा. पावसाळ्यात रविवारी आम्ही दोघं रामटेककडे जायचो, सारसांच्या जोडीचा नाच पाहायला. माझ्या वडिलांनी तो पाहिला होता; मरेपर्यंत त्याचंच सांगायचे. मला एकदा तरी पाहायचा होता.

धानाच्या बांधावर पोचला की हा चिखल चिमटीत घेऊन तांदळाच्या नमुन्यासारखा हुंगायचा. मग रुमाल पसरायचा. बाजारात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो ना, तसा हा सारस दिसण्याचा भाव ठरवणार!

"पाच आणे."

"एवढ्या दूर आणून पाच? दहा कर."

"ढग पाह्य ना गा. सात घे."

"आन् हा रुमाल काहून? इथं कोण पाहून राहिलं?"

"सारस. त्याइले भाव कळला तर माल दाबून ठेवतीन."

असल्या मूर्खपणावर मी घसा फोडून भांडायचो. एकदा चौदा आण्यांपर्यंत चढवलं. दिवसभरात दिसला एक बगळा, तोही पाठमोरा. "दोन आणे उरले होते, ते निघाले," हा निर्लज्ज म्हणाला.

एका रविवारी म्हणाला, "आज एकच आणा. मी पाहून येतो, तू दुकान सांभाळ." मी थांबलो. संध्याकाळी परतला, म्हणाला, "काही नाही."

यंदा तो वारला. तेरवीला त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, त्या रविवारी मले नेलं होतं त्यायनं. सारस नाचले, आमच्या पुढ्यात. आदल्या दिवशीच एक शेतकरी सांगून गेला होता, जोडी रोज त्याच्या धानाच्या बांधीत नाचते म्हणून."

"मंग मले काहून नाही नेलं?"

"म्हणत, त्याले एकदा दिसले का त्याचं काम झालं. मंग कायले येते तो माह्यासंग?"

म्हणजे सोळा आण्यांचा माल, आणि मला एक आणा सांगितला! तुम्हीच सांगा, याला लबाडी नाही तर काय म्हणायचं?

त्याच्या गादीवर आता मुलगा बसतो. दलाल गेला तरी सौद्याचा जवाब गादीनं द्यायचा, हा बाजाराचा रिवाज. काल भर गर्दीत त्याच्यापुढं उभा राहिलो.

"नाच पाहून झाल्यावरही मी आलो असतो. तुह्या बापानं मले एकदा विचारलं काहून नाही? बोल."