फळा पुसायचं पाणी

बादली माझ्या हातात होती. हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर मी ते लपवत होते असं होईल.

एसटी थांब्याजवळच्या गावफळ्यासमोर आबा उभे होते. आबा म्हणजे माझे वडील. वय सदुसष्ट. त्यांच्यासमोर देवस्थान समितीचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. मागं चाळीस-पन्नास माणसं, निम्म्यांचे मोबाईल वर धरलेले.

"ए मेंढक्या," तात्या म्हणाले. "पूस ते."

आबांनी खिशातून फडकं काढलं.

"त्यानं न्हाय. डोक्याच्या पटक्यानं पूस."

आबांनी कुणाकडंच पाहिलं नाही. पटका उतरवला. त्यांचं उघडं डोकं मी घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं. पांढरे, विरळ केस. मध्ये पटक्याचा वळ.

"कोरड्यानं निघायचं न्हाय," कुणीतरी म्हणालं. "पाणी आण गं."

मी आणलं. समोरच्या हापशावरून बादली भरली आणि आबांच्या पायाशी ठेवली. ज्या सुरात आम्हाला काम सांगितलं जातं, त्या सुरात सांगितलं की पाय आपोआप निघतात. मी एम.ए. झाले आहे. तरी निघाले.

आबांनी पटका बुडवला, पिळला, फळा पुसला. मग तात्यांनी देवळाच्या पायरीकडं बोट केलं. आबा वाकले आणि पायरीवर नाक घासलं. "हसू नका रं, म्हातारं माणूस हाय," एकजण म्हणाला, आणि त्यावर सगळे जास्त हसले.

फळा वाळल्यावर त्यावर पांढुरके फराटे राहिले.

आमचं गाव निरवांगीच्या वाटेवर. आम्ही एकेकाळी मेंढरं राखणारे. आजोबांनी कळप विकून थोडी जमीन धरली आणि आबा पेंटर झाले. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या फळकुटांवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा. फ्लेक्स आले आणि ते काम बसलं. ग्रामपंचायतीचा फळा तेवढा राहिला. अक्षर चांगलं म्हणून तो आबांकडं होता. पाणी किती वाजता सुटणार, ग्रामसभा कधी, कोण वारलं, दहावा कुठल्या घाटावर. हे सगळं लिहून झाल्यावर खाली हातभर जागा उरायची. त्या जागेत आबा दोन मेंढ्या काढायचे. काळी आणि ढवळी. काळी विचारायची, ढवळी उत्तर द्यायची. आठवड्यातून एकदा, खडूनं.

एसटीची वाट बघणारी माणसं आधी खाली बघायची. "काय म्हणत्यात आज मेंढरं?" ज्यांना वाचता येत नव्हतं ती दुसऱ्याला विचारायची. एका निवडणुकीत काळीनं विचारलं होतं, "ही मंडळी आज आपल्याम्होरं हात का जोडत्यात गं?" ढवळी म्हणाली होती, "हात न्हायती जोडत. कातरी मिटून धरलीया." त्या वेळी तात्याही पोट धरून हसले होते. चित्र दुसऱ्या पार्टीवर आहे असं त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या पार्टीलाही तसंच वाटलं होतं.

ज्या चित्रावरून हे घडलं, ते असं.

गावात नवं देऊळ झालं. जुन्या रिवाजाप्रमाणे आमच्यातल्या प्रत्येक घरानं देवाच्या बैठकीला एक घोंगडी दिली. आमच्या घरची शेवटची होती. आपल्या मेंढरांच्या लोकरीची, आपल्या माणसांनी विणलेली. ती दिल्यावर घरात लोकरीचा धागा राहिला नाही. कळसाच्या दिवशी पूजेला जोडपी बसली, त्यात आमच्यातलं एकही नाही. समितीत एकही नाव नाही. आमची माणसं गाड्या लावायला आणि पाणी वाढायला. घोंगड्या मात्र आत होत्या. त्यांच्यावर समिती बसली होती.

आबांनी काढलं ते एवढंच. गाभाऱ्यासमोर घोंगडी, तिच्यावर मांडी घालून बसलेली तीन माणसं, चेहरे कोरे. पायरीखाली दोघी. काळी विचारते, "आपल्यातलं कुणी आत गेलं का गं?" ढवळी म्हणते, "व्हय की. आपली लोकर गेलीया."

त्या चित्रात देव कुठंच नव्हता. पण कुणीतरी फोटो काढला, वर लिहिलं 'देवाची टिंगल', आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. लोकांची मतं यायला लागली. ज्यांनी फळा पाहिला नव्हता त्यांचीही. पुण्यात राहणाऱ्यांचीही. 'मेंढरामागं फिरायचं सोडलं आणि डोकं फिरलं.' 'आज देवावर, उद्या आपल्या घरात घुसतील.' मी सगळी वाचली. लोकांची मतं वाचणं हेच माझं काम होतं.

मी बारामतीत एका साप्ताहिकात नोकरी करत होते. वाचकांच्या पत्रांचं पान माझ्याकडं होतं. पिंपळीपासून सोमेश्वरनगरपर्यंतची पत्रं यायची. बरीचशी चिडून लिहिलेली, वहीच्या कागदावर. संपादकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "पुढाऱ्याचं आणि देवाधर्माचं पत्र जरा कढ काढून लावायचं." मी ते शिकले. 'जाब द्या' असेल तिथं 'खुलासा व्हावा'. 'लाज वाटत नाही का' असेल तिथं 'खेद वाटतो'. संताप काढायचा, विनंती ठेवायची. व्यंगचित्रं यायची ती तर टेबलाच्या खालच्या खणातच जायची. हे मी इतक्या सफाईनं करायची की पत्र लिहिणारा माणूस फोन करून माझे आभार मानायचा.

नाक घासून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संपादकांनी मला आत बोलावलं. तात्यांचा फोन आला होता. लेखी माफी पाहिजे, आणि छापून.

"तुझ्याच पानावर येऊ दे," ते म्हणाले. "म्हातारबांना कुठं एवढं लिहिता येणार? तूच लिही. विषय मिटंल."

मी लिहिलं. आबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. त्यांना मारहाण होईल, घरावर लोक येतील, हे भय होतं. ते खोटं नव्हतं. पण लिहायला बसल्यावर भय गेलं आणि सवय आली. 'माझ्या अज्ञानातून घडलेल्या प्रमादाबद्दल मी समस्त ग्रामस्थांची नतमस्तक होऊन क्षमा याचतो.' एक शब्द दोनदा आला होता तो मी बदलला. खाली आबांचं नाव घातलं.

आबांनी आयुष्यात प्रमाद हा शब्द उच्चारला नव्हता.

अंक मीच घरी नेला. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग घडी घालून माझ्याकडं दिलं.

"भाषा लई चांगली हाय तुजी," ते म्हणाले.

एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. पटक्यानं पुसलं तेव्हा ते तात्यांच्या पुढं वाकले होते. त्या कागदावर मी त्यांना पुन्हा वाकवलं, आणि या वेळी त्यांचा पटकासुद्धा न विचारता काढला.

फळा त्यांच्याकडून काढून घेतला. त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागायला लागले. आबा थांब्यावर जाईनात. घरात खडूचा डबा होता, तो त्यांनी उघडला नाही. मी सुटीला गेले की आम्ही दोघं ओसरीत बसायचो. मी पुस्तक वाचायची, ते रस्त्याकडं बघायचे. पत्राबद्दल मी एकदाही बोलले नाही. दर वेळी ठरवायची, पुढच्या खेपेला बोलू.

मग एका सकाळी ते गेले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं.

इतकी वर्षं गावातलं प्रत्येक मरण ज्यांनी फळ्यावर लिहिलं, त्यांचं मरण लिहायला कुणी नव्हतं. ते मोबाईलवर फिरलं. त्यात आडनाव चुकलं होतं.

दहावा नीरेच्या घाटावर. आमच्याकडं दहाव्याला भाषणं होतात. गावचे, पंचायतीचे, कारखान्याचे, जे कोणी असतील ते माईक घेऊन श्रद्धांजली वाहतात. कुणी येणं हा घरच्यांचा मान समजतात. तात्या आले. आईनं त्यांना खुर्ची द्यायला सांगितली, आणि ती मी दिली. तेव्हासुद्धा दिली.

तात्या माईकवर म्हणाले, "आपल्यातला एक थोर कलावंत गेला. माणूस हाय, चुकतो. पण चूक कबूल करायला काळीज लागतं. पेंटरांचं ते पत्र मी जपून ठिवलंय. ऐका." आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरून त्यांनी माझं पत्र वाचायला सुरुवात केली. समस्त ग्रामस्थांची. नतमस्तक होऊन. माझी वाक्यं स्पीकरमधून नदीवर जात होती. लोक माना हलवत होते. शेजारची एक बाई डोळे पुसत मला म्हणाली, "किती गुणाचा माणूस गं."

पिंड ठेवला. कावळा येईना. झाडावर तीन होते, खाली उतरत नव्हते. मग नेहमीचं सुरू झालं. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर ती पुरी करू असं एकेकानं उठून बोलायचं. "आबा, वैनीची काळजी करू नका." कावळा हलला नाही. "पोरीचं आमी बघू." नाही. तात्या पुढं झाले. पिंडाला हात जोडले.

"पेंटर, देवळाच्या पाटीवर तुमचं नाव घालतो. मनात काय ठिवू नका. तुमाला माफ केलंय."

माफ केलंय.

मी बायकांच्या घोळक्यातून पुढं आले. माईक घेतला नाही.

"आबा, ते पत्र तुमी लिहिलं नव्हतं," मी म्हणाले. "मी लिहिलं. तुमाला न विचारता. तुमी माफी मागितली न्हाय. कधीच मागितली न्हाय."

मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. "दुःखात हाय पोरगी, बोलू द्या," तात्या मायेनं म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला. मी मागं सरले. हात तिथंच हवेत राहिला. मग त्यांनी तो स्वतःच्या केसांवरून फिरवला.

कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोकांना उशीर होत होता.

सोमवारी मी ऑफिसात गेले आणि वाचकांच्या पानासाठी पत्र लिहिलं. चार ओळी. 'माझ्या वडिलांच्या नावानं या पानावर छापलेली माफी मी लिहिली होती. त्यांनी ती मागितलेली नव्हती. त्यांचं चित्र खरं होतं. मी ती माफी परत घेते.' खाली माझं नाव, गाव.

संपादकांनी वाचलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी चहा मागवला.

"लावू की," ते म्हणाले. "जरा सौम्य कर. तुला येतं ते."

"येतं," मी म्हणाले. "म्हणून करणार न्हाय."

पत्र छापलं नाही. मी खालचा खण उघडला. त्यात वर्षानुवर्षांची व्यंगचित्रं होती, कुणाकुणाची, माझ्या हातानं आत टाकलेली. ती पिशवीत घातली आणि नोकरी सोडली. पुढं काय, हे तेव्हा माहीत नव्हतं. आजही नीट माहीत नाही. आई घरात बोलत नाही. तिला वाटतं, मी तिचा नवरा दुसऱ्यांदा चव्हाट्यावर आणला.

बाजाराच्या दिवशी भर उन्हात मी फळ्यासमोर उभी राहिले. वाढदिवसाचा फ्लेक्स सोडला. खाली ते पांढुरके फराटे अजून होते. आबांचा खडूचा डबा उघडला. मला चित्र काढता येत नाही. थांब्यावरच्या एका आजोबांनी जवळ येऊन बघितलं.

"कुत्री काढलीस व्हय गं?"

"मेंढरं हायती, आजोबा."

"मंग काय म्हणत्यात?"

त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. काळी विचारते, "ढवळे, माफी कुणी मागितली?" ढवळी म्हणते, "जिला चांगलं लिहिता येत हुतं, तिनं."

ते हसले नाहीत. बराच वेळ फळ्याकडं बघत उभे राहिले आणि एसटी आल्यावर गेले.

दिवस मावळायच्या आत चित्र पुसलं गेलं. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं. परवा तात्यांचा माणूस घरी येऊन सांगून गेला, आता बाई म्हणून गय होणार नाही. होऊ नये. त्यांना बोलवायचं असेल तर बोलवावं, माणसं गोळा करावीत, मोबाईल वर धरावेत. मी फळ्यासमोर उभी राहीन. पुसायचं असेल तर ते त्यांनी स्वतःच्या हातानं पुसावं.

पाणी मी आणणार नाही.