मोत्याची खाज आणि डबल बेल

तपासणी झाली की ते माझ्या टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे. डबल बेल! त्यासरशी टेबलाखालचा मोत्या अंग झाडून उठायचा आणि दोघं निघायचे. आर्वी डेपोत उभा जन्म कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त झाला म्हणून बेल थोडीच सुटते! मी त्यांना काका म्हणायचो.

मोत्याला त्वचेची ॲलर्जी. आता तुम्हीच सांगा, कुत्र्याची खाज मोजायची कशी? ताप थर्मामीटरवर दिसतो, खाज कुठे दिसते? म्हणून आम्ही जनावरांचे डॉक्टर मालकापुढे एक उभी पट्टी धरतो. तळाशी ‘अजिबात खाजवत नाही’, टोकाला ‘सतत खाजवतो’. मालकानं मधे कुठेतरी बोट ठेवायचं, त्यावरून आम्ही गोळी कमीजास्त करायची. काकांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

“ह्या रेघेवर मले काई समजत नाई. आज सगळ्या शिटा फुल हायेत, चार जण उभे. लिहा.”

काय लिहू, कपाळ? पण हळूहळू माझ्याही तोंडात ते बसलं. मोकळी गाडी म्हणजे मोत्या निवांत झोपला. शिटा फुल म्हणजे खाता खाता थांबून खाजवतो. लोक पायरीवर लोंबकळले म्हणजे कानातून रक्त. एकदा तर काकांनी टपावरही माणसं बसवली.

मग त्यांची सून सोबत येऊ लागली. त्या खाजवण्यानं घरात कोणाला चैन नव्हतं. हा बरा झाला नाही तर त्याला रोहणा गावी काकांच्या बहिणीच्या शेतावर धाडणार, असं तिनं माझ्यासमोरच सांगून टाकलं. त्यानंतर काकांची गाडी दर वेळी मोकळी. मी आपला खूश होऊन गोळी कमी करत गेलो. एके दिवशी ते “मोकळी गाडी” म्हणत असतानाच मोत्या टेबलाखाली असा खाजवायला लागला, की माझा चहा सांडला. वाकून पाहिलं तर पोटावर केस नाहीत, कातडी लालबुंद.

सून तेवढ्यात फोनवर बोलायला बाहेर गेली होती. मी भडकलो. खोटं तुम्ही बोलता आणि भोगतो तो, असं तोंडावर सुनावलं. काका पंख्याकडे पाहत राहिले.

“चेकर गाडीत होता ना, डाक्टर,” ते हळूच म्हणाले. “घरी मी त्याले माह्याच खोलीत ठेवतो, पण इथं खरं सांगतलं तं मोत्याले उतरवून देतीन. मंग मी दिवसभर कोणासंग बोलू?”

माझा राग कुठल्या कुठे गेला.

“मी चेकर काय, बाबा?”

सून दारात केव्हाची उभी होती. बिनतिकिटाचे पकडल्यागत काकांनी मान खाली घातली. तिनं गोळ्या कधी न् कशा द्यायच्या, तेवढं मला विचारून घेतलं. तेव्हापासून गोळ्या तीच द्यायची, आणि रोहण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

गेल्या थंडीत काका गेले. नंतर मोत्याला घेऊन सून एकटीच आली. सवयीनं मी पट्टी पुढे केली. तिनं ती पाहिलीही नाही.

“उभं कोनी नाई, डाक्टर. मागच्या दोन शिटा रिकाम्या हायेत.”

मी तसंच लिहून घेतलं. ती निघाली, साखळी ओढली, पण मोत्या टेबलाखालून हलेना. काऊन बसून राह्यला रे, म्हणून तिनं त्याला दटावलं, चुचकारलं. मला उमगायला जरा वेळ लागला. मग मी बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक केलं.

मोत्या अंग झाडून उठला.