दवाखान्यासमोरची इमारत

"जरा बसून बघते," असं म्हणून काकू कुठंही बसायच्या. शेगडी घ्यायला गेल्या तरी आधी दुकानात बैठक मारत. नवी जागा असो, नवा माणूस असो, आधी मांडी घालायची आणि मग बोलायचं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, तर त्या लगेच तुमच्या डोळ्यांपुढे येतील.

काकू मूळच्या मेढ्याकडच्या. सांगलीत आमच्या शेजारी राहून त्यांनी वर्षानुवर्षं शिवणाचे क्लास चालवले. नवरा फौजेतून परतला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून गेला. मुलगी पुण्याला.

एका सकाळी त्या माझ्या दारात आल्या, चेहरा नुसता उजळलेला. मिरजेत दवाखान्यासमोरची तीन मजली इमारत विकायला निघाली होती. सगळी शिल्लक घालून ती घ्यायची आणि खोल्या भाड्याने द्यायच्या, असा त्यांचा बेत. मुलगी फोनवर नको नको म्हणत होती. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला, म्हणून इमारत बघायला मी बरोबर हवा होतो.

इमारत बघून माझं तोंड उतरलं. गिलावा सुटलेला, मागची गॅलरी लोंबकळणारी, जिन्यात कबुतरांचा संसार. काकू मात्र जत्रेला आल्यासारख्या हिंडत होत्या.

तळमजल्यावर तंबोरे दुरुस्त करणारे एक चाचा होते, जुने भाडेकरू. इमारत विकली जाऊ नये म्हणून ते एकेक दोष सांगायला लागले. वर पाणी चढत नाही, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, वायरिंग केव्हाचं तरी आहे. प्रत्येक दोषाला काकू आणखी खुलत होत्या.

"सांगा की, आनि काय?"

दोष जितके जास्त तितका भाव खाली, हा त्यांचा सरळ विचार. शेवटी चाचांचे दोष संपले. हातातली खुंटी पुसत ते म्हणाले, "तुम्ही घेतल्यावर माझं काय, भाभी?"

काकूंचं हसू थांबलं.

"तुमी कुठं जाताय? हाय तितंच ऱ्हायचं."

मी खांब तपासले, स्लॅब ठोकून बघितला. सांगाडा पक्का होता. गॅलरी पाडायची, गच्चीची गळती काढायची, पाइप नवे टाकायचे, एवढं केलं तर इमारत धडधाकट होणार होती. पण असल्या जागेत भाड्याने कोण राहायला येणार, हे मला कळेना. तसं मी विचारलंही.

काकू तेव्हा वरच्या मजल्यावर खिडकीपाशी बसल्या होत्या. मलाही त्यांनी शेजारी बसवलं.

"आमचं मालक दवाखान्यात हुते, तवा मी त्या फाटकापाशी पोतं टाकून बसायची. भाकरी खायला लांब गेलं की जीव थाऱ्यावर नसायचा. हितनं फाटक दिसतंय, भाऊ."

त्याच आठवड्यात त्यांनी व्यवहार पक्का केला.

गॅलरी पाडली, रंग झाला. काकू डोक्याला फडकं बांधून गवंड्यांच्या मागे मागे. सुरुवातीला दोनच खोल्या लागल्या. मुलीचा जीव टांगणीला, माझाही. काकू मात्र रोज सकाळी दवाखान्याच्या आवारात जाऊन पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत राहिल्या. उन्हाळ्यापर्यंत एकही खोली रिकामी उरली नाही. जत, आटपाडी, पार विजापूरकडची माणसं येऊ लागली.

मग एक दिवस काकूंनी सांगलीचं स्वतःचं चांगलं घर भाड्याने दिलं आणि त्या मिरजेला राहायला गेल्या. आमची गल्ली एकदम गप्प झाली.

मध्यंतरी मी त्यांना भेटायला गेलो. काकू खोलीवर नव्हत्या. मी खाली येऊन रस्त्यावर उभा राहिलो. एवढ्यात पलीकडून, दवाखान्याच्या फाटकाकडून, त्या रस्ता ओलांडून येताना दिसल्या. एका हाताने कुणा अनोळखी म्हातारीला धरलेलं, आणि दुसरा हात वर करून त्यांनी भर रस्त्यात एसटी थांबवली होती.