मर्लचं निळं काम

कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे जीपमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहणाऱ्या माणसांत कामांची एक वाटणी असते. ती कुणी केली ते देव जाणे. संडासाची टाकी रिकामी करणं, सांडपाण्याचा पाइप जोडणं, गाडी सपाट उभी करणं ही निळी कामं, म्हणजे पुरुषांची. स्वयंपाक, धुणं, पडदे आणि चादरी ही गुलाबी. मला हे रंग कधीच पटले नाहीत. पण वॉलरूच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कॅरॅव्हॅन पार्कात बाई असं काही बोलली, की लोक तिच्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. माझा नवरा फार पूर्वीच पळून गेला, त्यामुळे माझ्याकडे सगळ्या रंगांची कामं आहेत आणि कीव करायला कुणी नाही.

मर्ल हॅनफर्ड माझी शेजारीण. तिनं उभं आयुष्य शाळेची बस चालवली. गव्हाच्या शेतांमधल्या मातीच्या रस्त्यांवरून पोरं गोळा करायची, त्यांची भांडणं आरशात बघूनच मिटवायची, आणि एकदा समोर कांगारू उडी मारून आला तर बस अशी थांबवली की मागच्या बाकावरचं झोपलेलं पोर उठलंसुद्धा नाही. कॅरॅव्हॅन जीपला जोडून मागे घेण्यात तर तिचा हात कुणी धरू शकत नाही. आमच्याकडे नवी गाडी आली की अख्खा पार्क खुर्च्या काढून बसतो. गाडी मागे घेताना नवरा-बायको कशी भांडतात ते बघणं ही आमची करमणूक. मर्ल आली की कुणी खुर्ची काढत नसे, कारण बघण्यासारखं काही घडतच नसे. एका दमात गाडी जागेवर.

तिचा नवरा डेस लाघवी माणूस. गप्पा मारायला बसला की बिअर कोमट व्हायची. गाडी मर्लला चालवू द्यायचा आणि विचारणाऱ्याला गुडघा दुखतो म्हणून सांगायचा. पण जमिनीखालचं, म्हणजे गाडीच्या फरशीखालचं, सगळं त्याचं. तिथे तो तिला डोकावूही द्यायचा नाही. "वर तू राणी, खाली मी राजा," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

या राजाची एक खोड होती. त्याची गाडी कुठेही उभी राहिली तरी जराशी तिरकी असायची. आमचा नेव्ह, जो रेल्वेतून निवृत्त झालाय आणि खिशात पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, घेऊन फिरतो, त्याला हे सहन व्हायचं नाही. संध्याकाळी पाच वाजता आम्ही सगळे खुर्च्यांचं कडं करून बसलो की तो सुरू व्हायचा.

"डेस, तुझी गाडी आजपण पिऊन उभी आहे रे."

"गाडी बरोबर आहे. तुझी मान तिरकी आहे."

"हा बघ बुडबुडा! पार कडेला गेलाय!"

"मग त्याला म्हणावं, मध्ये ये," डेस म्हणायचा आणि दुसरी बाटली उघडायचा.

गेल्या वसंतात मासे साफ करता करता डेस गेला. हातात सुरी तशीच होती. मर्ल रडली ती आमच्यासमोर नाही. लेकीकडे, अ‍ॅडलेडला गेली आणि बरेच दिवस तिकडेच राहिली. ती नसताना नेव्हनं आपल्या परीनं एक चांगलं काम केलं. त्यानं तिच्या गाडीच्या उजव्या चाकाखाली फळ्या सारल्या आणि बुडबुडा बरोब्बर मध्ये आणला. "बिचारीला एवढं तरी सुख," असं म्हणाला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मर्ल परत आली ती ठरवूनच. मे महिन्यात इथे थंडी पडायला लागली की आमच्या पाच-सहा गाड्या एकामागोमाग उत्तरेला निघतात, उबेत. डेस नसला तरी ती येणार होती. पण आल्यावर आठवड्याभरातच तिचं सिंक तुंबायला लागलं. पूर्ण बंद नाही. दोन कप विसळले की साबणाचं करडं पाणी वाडग्यासारखं भरून राहायचं आणि ते खाली जाईपर्यंत चहा होऊन पिऊनही व्हायचा.

नेमकी त्याच वेळी लेक आली. लीअ‍ॅन नर्स आहे, आईवर जीव आहे तिचा, पण बोलणं सुईसारखं.

"आई, साधं सिंकचं पाणी जात नाहीये. पलीकडे वाळवंटात काय करशील? बाबा होते तेव्हा गोष्ट वेगळी होती."

"पाणी जाईल."

"कोण घालवणार? नेव्ह अंकल? प्रत्येक ठिकाणी त्यांना हाक मारत फिरणार का? माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे, त्यांना गाडी हवीये. शनिवारी घेऊन येते. तू माझ्याकडे राहा. खोली तयार आहे."

मर्लनं फडकं पिळून वाळत घातलं. "आण त्यांना," ती म्हणाली. "शनिवारी या सिंकमधून पाणी धड गेलं नाही, तर गाडी त्यांची."

आमचा काफिला रविवारी निघणार होता. मी हे बोलणं माझ्या दारातून ऐकलं आणि मला लीअ‍ॅनचा राग आला, मर्लचाही आला. असा शब्द देतात का कुणी!

मग पार्कातल्या पुरुषांना जोर चढला. एकानं सोडा आणि व्हिनेगर ओतलं, सिंकला फेस आला, पाणी होतं तिथेच. दुसऱ्यानं रबरी पंप दाबून दाबून खांदा दुखवून घेतला. नेव्हनं पाइपच्या बाहेरच्या तोंडाला हवेची मशीन लावली आणि तो "लांब व्हा!" असं ओरडला. आतून मर्लचं उत्तर आलं ते लिहिता येणार नाही. जुनी चहापत्ती, चरबी आणि काळं पाणी उडून तिच्या जाळीच्या पडद्यांवर बसलं होतं. त्यानंतर पाणी दोन दिवस बरं गेलं आणि परत तुंबलं.

गुरुवारी सकाळी मर्लनं मला जोरात हाक मारली. "शर्ल! आधी इकडे ये!"

मी धावत गेले. ती तव्याकडे बघत उभी होती. तव्यात अंडं.

"काय झालं?"

"बघ ना. मध्ये बसलंय."

"मग कुठे बसायला हवं?"

"कडेला! अगं, या गाडीत माझं अंडं कायम कडेला जातं. डेसच्या बाजूचं पातळ, माझ्या बाजूचं जाड. इतकी वर्षं मला वाटायचं तवाच वाकडाय. तीन तवे बदलले मी."

ती गॅस बंद करून बाहेर आली. जीप जोडली, गाडी हातभर पुढे घेतली. उजवं चाक नेव्हच्या फळ्यांवरून धप्पकन उतरलं आणि आतून असा घळघळ आवाज आला की मी दचकले. सिंक कोरडं.

नेव्ह आवाज ऐकून आला आणि त्याचा चेहरा पडला. पण पुरुष लवकर सावरतात. "चला, मिटलं," तो म्हणाला. "डेससारखी तिरकी ठेव म्हणजे झालं. मी देईन ना करून प्रत्येक ठिकाणी."

"मग लीअ‍ॅन खरं बोलत होती," मर्ल म्हणाली. "किती तिरकी ते त्याला नजरेनं कळायचं. मला कळत नाही. मला दर मुक्कामाला तू लागणार." मग ती वाकली आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच गाडीच्या फरशीखाली बघितलं. "आणि हा राजा इथे नक्की करत काय होता, ते बघू दे मला आता."

तिनं गाडीला चारी कोपऱ्यांत मजबूत टेकू दिले, आंघोळीचा जुना पडदा खाली अंथरला आणि पाठीवर सरकत आत गेली. मी बाहेर बसून हत्यारं देत होते. थोड्या वेळानं आतून हसू ऐकू आलं. मग शिव्या. मग परत हसू.

पाइप दाराच्या बाजूच्या सिंकपासून उजवीकडच्या तोंडापर्यंत आडवा गेला होता. वळ्यावळ्यांचा, लवचीक, स्वस्तातला. त्याला उतार असा नव्हताच. दोन पट्ट्यांच्या मध्ये तो पोट सुटल्यासारखा लोंबत होता आणि प्रत्येक पोटात आमच्या रविवारच्या चॉप्सची चरबी. नीट बसवायचा तर दिवसभराचं काम. डेसनं त्याऐवजी अख्खी गाडीच तिरकी केली होती!

"शर्ल, या माणसानं पाइप सरळ करायचा सोडून मला वाकडं झोपवलं गं!" आतून आवाज आला. "आणि रात्री घरंगळत माझ्या अंगावर यायचा! मला वाटायचं प्रेम आहे."

"असेल की प्रेम."

"पाइप होता!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की नेव्ह पाय आपटत निघून गेला.

ती गावात जाऊन गुळगुळीत कडक पाइप घेऊन आली, वळणांसाठी दोन वाकणं आणि मूठभर पट्ट्या. दुकानदारानं विचारलं, "नवऱ्यानं सांगितलंय का हे?" मर्ल म्हणाली, "नवरा वर गेलाय. खालचं आता मी बघते." पहिला पाइप तिनं आखूड कापला. करवत फेकून दिली, परत उचलली, परत दुकानात गेली. सिंकपासून तोंडापर्यंत सुतळी ताणली, तोंडाकडे चार बोटं खाली, आणि त्या सुतळीबरहुकूम पट्ट्या जवळजवळ मारल्या. शुक्रवारी दुपारी जोड ठिबकला. तो सोडवून, पुसून, परत घट्ट केला. केसांत माती, कोपरं सोललेली. एकसष्टीही उलटून गेलेली बाई! मी तिला सांगितलं, मला तुझा अभिमान वाटतो. ती म्हणाली, "बडबड बंद कर आणि तो पाना दे."

शेवटी तिनं नेव्हला हाक मारली. "तुझ्या फळ्या घाल परत. बुडबुडा मध्ये हवाय मला. एकदम मध्ये."

शनिवारी लीअ‍ॅन त्या जोडप्याला घेऊन आली तेव्हा अख्खा पार्क खुर्च्या काढून बसला होता. मर्लसाठी खुर्च्या निघाल्या, हे मी तरी पहिल्यांदा बघितलं. तिनं सिंक काठोकाठ भरलं, सगळ्या खिडक्या उघडल्या, म्हणजे बाहेर ऐकू यावं, आणि बूच ओढलं. पाणी गोल फिरलं आणि गेलं. बाहेर बादलीत धार पडली. कुणीतरी शिट्टी मारली.

लीअ‍ॅननं आधी सिंककडे बघितलं, मग नेव्हकडे. "तुम्ही केलंत, अंकल?"

"मी?" नेव्ह म्हणाला. "मी तर बिघडवलं होतं."

लीअ‍ॅननं आईची सोललेली कोपरं बघितली. नर्सच ती, आधी पर्समधून बँडेज काढलं, मग डोळे पुसले. "औषध तरी लावायचंस," ती म्हणाली. "आणि रोज फोन. रोज, आई."

त्या जोडप्यातला माणूस म्हणाला, "गाडी छान ठेवलीये. आम्हाला पसंत आहे."

"मलापण," मर्ल म्हणाली. "विकायची नाहीये. लॅमिंग्टन केक खाऊन जा, ताजे आहेत."

रविवारी आम्ही निघालो. मर्लची गाडी सगळ्यांत पुढे होती. कूबर पीडीच्या अलीकडे, तांबड्या मातीत, पहिला मोठा मुक्काम केला. मर्लनं एका दमात गाडी लावली, स्वतःच फळी सारली, स्वतःच पाइप जोडला. मी लांबून बघत होते आणि माझा ऊर भरून आला होता, तो का ते कुणी विचारू नये.

सकाळी नेव्ह सवयीनं पाणसळ घेऊन तिच्या दाराशी गेला. पायरीवर ठेवली आणि ओरडला. "मर्ल! फळी चुकलीये! दाराच्या बाजूला घातलीस. गाडी तिरकी झालीये, बुडबुडा पार कडेला!"

मर्ल चहाचा कप घेऊन दारात आली. "माहितीये मला."

"अगं, पण पाइप आता नीट आहे ना? सपाट ठेवलीस तरी जाईल पाणी."

"पाइपाला नकोय रे उतार," ती म्हणाली. "त्या सपाट गादीवर मला झोप येत नाही."

नेव्हनं पाणसळ खिशात घातली. तेव्हापासून तो प्रत्येक मुक्कामाला आमच्या सगळ्यांच्या गाड्या पाणसळ लावून बघतो, तिची सोडून.