ब्रॅम्लेटसरांसाठी शिवलेला पडदा

अमेरिकेत, जॉर्जियातल्या त्या गावात शाळा एक, वर्ग एक, पण वर्षअखेरचे नाच दोन! गोऱ्या मुलांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. गोऱ्यांच्या जोड्या नावं पुकारून आत सोडायचे. काळी मुलं दाराशी बांधलेल्या दोराबाहेरून मित्रमैत्रिणींचे कपडे बघायची, आणि मग पोलीस त्यांना हाकलायचा.

बारा वर्षांपूर्वी अर्नेस्टीन शिंपिणीची लेक डेनिटा त्या दोराशी उभी होती. जिवलग गोऱ्या मैत्रिणीचा झगा तिनेच शिवला होता. हाकलल्यावर रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी अर्नेस्टीन तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत.

"अगं, ती पालकांची खाजगी पार्टी," ब्रॅम्लेटसर म्हणाले. "शाळेचा काय संबंध?"

संबंध नाही म्हणे! डेनिटाच्या कॅमेऱ्यात फोटो होता. दोराच्या आत माईक धरून नावं पुकारणारा हाच मेला! अर्नेस्टीनने तो फोटो बायबलमध्ये जपला. डेनिटा मात्र अटलांटाला दवाखान्यात नोकरीला गेली ती गेलीच. आईला भेटायलासुद्धा गावात यायची नाही.

यंदा मुलांनीच भांडून नाच एक केला. आणि त्यात सत्कार कुणाचा? निवृत्त होणाऱ्या ब्रॅम्लेटसरांचा, 'गावाला एकत्र आणल्याबद्दल'! त्यांच्या तसबिरीवरचा पडदा शिवायला सर तिच्याच दारात आले.

"झकास शिव हं, अर्नेस्टीन. दोरी ओढली की सर्रकन पडला पाहिजे."

"पडेल की, सर. तुमच्याच हातानं पडेल."

तिने निळी मखमल घेतली, मन लावून शिवली. मग डेनिटाला फोन केला, "एकदाच ये. माझ्यासाठी नको, त्याचं तोंड बघायला ये."

कार्यक्रमाच्या दुपारी पडदा लावायला गेली तेव्हा तिने तसबीर काढून तिथे तो फोटो लावला, तसबिरीएवढा मोठा करून.

संध्याकाळी सरांनी हसत दोरी ओढली. मुलं आधी हसली, मग फोटोजवळ सरकली. एका गोऱ्या मुलीने विचारलं, "सर, हे तुम्हीच ना?"

सरांच्या हातात आजही माईक होता. अर्नेस्टीन पुढे झाली. बारा वर्षांचं 'सर' तिने गिळून टाकलं.

"ब्रॅम्लेट, त्या दिवशी एक नाव राहिलं होतं. माझ्या लेकीचं. पुकार."

दारात डेनिटा उभी होती, दवाखान्यातल्या गणवेशातच.

"डेनिटा पग्सली," सर पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," अर्नेस्टीन म्हणाली. "परत."

तिसऱ्यांदा ते ओरडले, तेव्हा कुठे डेनिटा आत आली.