मी मारलेला परदेशी पोरगा

परदेशी सिनेमातला एक धडधाकट पोरगा मी एकदा सगळ्यांदेखत मारून टाकला. बुलडाण्याच्या सांस्कृतिक भवनात तेव्हा रविवारी दुपारी परदेशी सिनेमे दाखवायला लागले होते. खाली इंग्रजी ओळी यायच्या. पावसाळ्यातल्या वर्षावासात बुद्धविहारात ग्रंथ वाचून अर्थ सांगायचं काम माझं, त्यामुळे सिनेमाही आपणच समजावणार, असा माझा तोरा! शेजारी देऊळघाटची भाजीवाली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण असला सिनेमा एकदा बघायचाच म्हणून ती दुकान बंद करून आली होती.

मी अर्धी ओळ वाचेपर्यंत ती नाहीशी होई. उरलेली मी मनानं जोडी. पडद्यावरची बाई रडत बॅग भरू लागली, तसं मी ठणकावून सांगितलं, "हिचा पोरगा वारला." भाजीवालीनं डोळ्यांना पदर लावला. शेवटी तोच पोरगा आईला स्टेशनवर पोचवायला आला आणि मागच्या रांगा हसल्या.

बाहेर आल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बाई, ते नवऱ्याले सोडून चालली, हे मले बॅग भरतानाच समजलं होतं. पण तुम्ही वाचून सांगता म्हणून तुमचं खरं धरलं अन् मी फुकट रडली. पुढच्या रविवारी तुमच्याच बाजूले बसतो, पण मी सुपारी देईन, ते तोंडात धरा."