डोंगर आणि कॉलर

बाजाराच्या टोकाला जो फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या मालकांना लोक तोंडावर काका म्हणतात आणि पाठ वळली की हनुवटीकाका. कारण उघड आहे. स्टुलावर न्यायाधीश बसलेले असोत की न्हावी, कॅमेऱ्यामागून पहिलं वाक्य तेच, "हनुवटी जरा खाली." मग खांदे सरळ. मग पुढे येऊन स्वतःच्या हाताने कॉलर. कॉलर नीट बसल्याशिवाय काकांचं बोट बटणावर जात नाही, मग मांडीवरचं पोर रडून लालबुंद का होईना.

स्टुडिओ तसा छोटा. आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खुंटीवर एक काळा कोट. तो कोट सगळ्या गिऱ्हाइकांचा. निम्म्या गावाच्या ओळखपत्रांवर तो एकच कोट आहे, फक्त मुंडकी वेगळी. पांढरा पडदा धुऊन धुऊन पिवळट झाला होता आणि काकू, म्हणजे काकांची बायको, दर रविवारी त्याला नीळ घालून पुन्हा पांढरा असल्याचं भासवायच्या. काकूंना स्टुडिओत सगळ्या कामांची मुभा होती, एक सोडून. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी धूळ पुसता पुसता भर उन्हात कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडलं होतं आणि कुणाचं तरी अख्खं लग्न, वरमाईच्या रुसव्यासकट, कोरं झालं होतं. रोलचा जमाना गेला, तो कॅमेराही गेला, नियम मात्र जागेवर राहिला.

असे काका म्हातारपणी डोंगराच्या मागे लागले, त्याला कारण त्यांचा मेहुणा.

मेहुण्याचं समोरच मोबाइलचं दुकान. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना त्याने मोबाइलवर सूर्यास्त टिपला आणि तो एका बँकेच्या कॅलेंडरवर छापून आला. तोही फेब्रुवारीत, म्हणजे सगळ्यात लहान महिन्यात. पण तेवढ्यावर मेहुण्याने नवीन कार्डं छापून घेतली आणि त्यांवर स्वतःला निसर्ग छायाचित्रकार केलं. काकूंच्या वाढदिवसाला सगळे जेवायला बसलेले असताना तो काकांना म्हणाला, "भावोजी, तुमचा हात चांगलाच आहे हो. पण ते पडलं ओळखपत्राचं काम. माणूस आला, बसला, काढला. कलेला वेगळी नजर लागते."

काकांनी कढीचा भुरका तेवढा मोठ्याने मारला. काकूंनी ओळखलं की हे लागलंय.

पुढच्या आठवड्यात काकांनी स्टुडिओची दर्शनी काच रिकामी केली. नवरानवरी उतरवली, मांडीवरची बाळं उतरवली, शाळेतले पहिले आलेले उतरवले. सुताराकडून दाराएवढी चौकट करून घेतली, ती रिकामीच काचेत उभी केली आणि खाली पाटी लावली, "लवकरच येथे ज्वालामुखी." मग एका पर्यटन कंपनीत जाऊन दोघांची नावं नोंदवली. एका बेटावरची सहल होती. बेटाच्या मधोमध अजून धुमसणारा डोंगर, माथ्यावर धूर, पायथ्याशी काळी वाळू. गल्लीत रोज कुणी ना कुणी विचारू लागलं, "काका, कधी येतोय ज्वालामुखी?" आणि दुकानाच्या पायरीवरून मेहुणा म्हणायचा, "येईल, येईल. तिकडून पोस्टकार्ड आणून मोठं केलं तरी चालतंय, भावोजी. कुणाला कळतंय?"

ते वाक्य काकांनी विमानात, बसमध्ये आणि हॉटेलच्या जिन्यात मनाशी घोळवलं. रिकाम्या हाताने परतलो तर ती चौकट आपल्याकडे बघून हसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बेटावर डोंगर सगळीकडे होता. हॉटेलच्या टॉवेलवर होता, साबणाच्या वेष्टनावर होता, चहाच्या कपावर होता. बसच्या दोन्ही अंगांना होता. खोलीत पलंगाच्या वर होता, सोनेरी चौकटीत. फक्त आकाशात नव्हता. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत दाट पांढरं धुकं बसून होतं. ते काही हलायला तयार नव्हतं.

"डोंगर दिसणारी खोली म्हणून जादा घेतलेत," काका सहलीच्या व्यवस्थापकाला म्हणाले. गळ्यात शिट्टी अडकवलेला हा तरुण कायम हसतमुख असायचा.

"दिसतोय की, काका," तो पलंगाच्या वरच्या चित्राकडे हात करून म्हणाला. "आणि निसर्गाची हमी कंपनी देत नाही. नियमावलीत आहे."

बाकीच्या मंडळींना डोंगर नसल्याचं विशेष काही वाटत नव्हतं. ते फोटो काढण्यात गुंतले होते. बस थांबली की सगळे उतरायचे, जे बघायला आले त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे, मोबाइल वर धरायचे, गालातल्या गालात हसायचे आणि पुन्हा बसमध्ये. जमिनीच्या भेगांतून वाफ येत होती, सडक्या अंड्यांसारखा वास सुटला होता, पायाखालचा दगड जाळीदार आणि कोमट होता. यातलं काही कुणी बघितलं असेल तर ते नंतर, मोबाइलमध्ये. काकू मात्र प्रत्येक ठिकाणी आधी हात जोडायच्या. जमीन आतून तापलेली आहे आणि तरी आपल्याला उभं राहू देते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

"अहो काका, तुमच्याकडे मोठा कॅमेरा आहे. आमचा एक काढा ना," नवीन लग्न झालेल्या जोडप्याने विचारलं.

"मी माणसं काढत नाही," काका तिवईचे पाय घट्ट करत म्हणाले. "लँडस्केप."

"पण लँडस्केप दिसतच नाहीये."

"दिसेल."

"मग तोपर्यंत आमचा काढा."

काकांनी नकारार्थी मान हलवली. मनातून त्यांना त्या मुलाची हनुवटी भयंकर खटकत होती. नको तेवढी वर होती. पण त्यांनी बोटं वळून धरली. आयुष्यभराची सवय अशी मुठीत धरणं काही सोपं नव्हतं.

परतीच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकाने सगळ्यांना वरच्या पठारावर नेलं. इथून डोंगर हाताला लागेल इतका जवळ, असं तो म्हणाला. धुकंही हाताला लागत होतं. काकांनी पठाराच्या कडेला तिवई रोवली, नेम धरला, सगळं जुळवून ठेवलं. आता फक्त पडदा बाजूला व्हायचा आणि बोट दाबायचं. शेजारच्या दगडावर काकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. ओठांत त्यांचं नामस्मरण चालू होतं.

"देवाला सांग, थोडं वेळेवर," काका म्हणाले.

"त्याला घाई करत नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही जागचे हलू नका म्हणजे झालं."

"मी कशाला हलतोय?"

"सांगून ठेवलं."

एवढ्यात व्यवस्थापकाने शिट्टी वाजवली. समूहाचा फोटो. कंपनीच्या जाहिरातीसाठी लागतो, त्याशिवाय त्याला ऑफिसात तोंड दाखवता येत नाही. मंडळी धुक्याकडे पाठ करून रांगेत उभी राहिली, ती नेमकी काकांच्या कॅमेऱ्यापुढे, थोडी डावीकडे. व्यवस्थापक मोबाइल धरून मागे मागे सरकू लागला. काकांनी नजर दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला. पण पुढच्या रांगेत एक निवृत्त मास्तर होते. नाकासमोर चालणारे, सहलीलाही इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. वाऱ्याने त्यांच्या कॉलरचं एक टोक उलटं होऊन कानाला लागलं होतं. मास्तरांना पत्ता नव्हता. व्यवस्थापकाला पत्ता नव्हता. ते टोक तसंच जाहिरातीत जाणार, हजारो लोक बघणार.

काकांनी डोळे मिटले. उघडले. टोक तिथेच.

"एक मिनिट," ते म्हणाले आणि तिवई सोडून निघाले.

मास्तरांपाशी पोहोचून त्यांनी कॉलर खाली केली, ती वाऱ्याने पुन्हा उडाली, मग वरचं बटण लावलं, दोन्ही टोकं बोटांनी दाबून बसवली. तिथवर गेलेच होते म्हणून खांदे सरळ केले. तेवढ्यात नव्या नवऱ्याची ती हनुवटी आलीच समोर, तीही खाली घेतली. मुलगा निमूटपणे खाली बघायला लागला. काकांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

"आता श्वास घ्या आणि हलू नका," ते म्हणाले आणि वळले.

तिवईपाशी काकू उभ्या होत्या. पिशवी पायाशी पडली होती, हात जोडलेले होते आणि नजर काकांच्या डोक्यावरून पार पलीकडे होती. काका पळत आले. कॅमेऱ्यातून बघितलं. धुकं. आधीसारखंच, एकसारखं, पांढरं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दर्शन," काकू हळूच म्हणाल्या.

"कशाचं?"

"त्याचंच की. अख्खा. वरपासून खालपर्यंत. डावा खांदा जरा उतरता आहे त्याचा. माथ्यावर धुराची एवढीशी बट. उन्हात नुसता तांब्यासारखा झाला होता."

काकांनी धुक्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याच्या बटणाकडे. "अगं, मग बटण दाबायचं नाहीस?"

"कॅमेऱ्याला हात लावायचा नाही म्हणून कुणी सांगितलंय?"

"हाक तरी मारायचीस."

"मारली. दोनदा. तुम्ही मास्तरांचं बटण लावत होतात."

रांगेतल्या एकानेही डोंगर बघितला नव्हता. सगळ्यांची पाठ होती आणि सगळे व्यवस्थापकाच्या मोबाइलकडे बघून हसत होते. व्यवस्थापकाची नजर मोबाइलच्या पडद्यावर होती, आणि त्याने रांगेतले चेहरे मोठे दिसावेत म्हणून आकाश सगळं कापून टाकलं होतं. मास्तरांची कॉलर मात्र त्या फोटोत नमुन्यादाखल ठेवावी अशी आली होती.

काका दगडावर जाऊन बसले. काकूंनी त्यांना पिशवीतलं पाणी दिलं, ते प्यायले. मग उठून त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बटण दाबलं. समोर धुकं होतं, धुक्याचा काढला.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"लँडस्केप," काका म्हणाले. "डोंगर तिथेच आहे ना? गेला तर नाही कुठे?"

"नाही, तिथेच आहे," काकू म्हणाल्या. "मी बघितलाय."

हॉटेलच्या खाली पोस्टकार्डांचं फिरतं फडताळ होतं. निघताना काका त्याच्यापुढे थांबले. सगळ्या कार्डांवर निळं आकाश, स्वच्छ डोंगर, डावा खांदा जरा उतरता. त्यांनी एक हातात घेतलं, उलटसुलट केलं. मेहुण्याचं वाक्य आठवलं. कार्ड जागेवर ठेवून फडताळ एकदा फिरवलं आणि बसमध्ये जाऊन बसले.

घरी आल्यावर चौकटीत फोटो लागला. दाराएवढा. खालच्या पाटीवरचं "लवकरच" तेवढं पुसलं. गल्ली दोन दिवस थांबली, मग एकेक जण आत डोकावू लागला.

"काका, कागद लावलात, फोटो कधी लावताय?"

"लावलाय."

"कुठे?"

मग काकू पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि काचेवर बोट ठेवून दाखवायच्या, "हे शिखर. इथून उतार सुरू होतो. हा डावा खांदा, आणि इथे धूर." त्या इतक्या खात्रीने सांगायच्या की लोकांना होय म्हणण्यावाचून गत्यंतर नसायचं. दुधवाल्याला पहिल्याच दिवशी दिसला. औषधाच्या दुकानदाराला शिखरावर बर्फही दिसला, तेव्हा काकूंनी त्याला स्पष्ट सांगितलं की बर्फ नव्हता, उगाच पदरचं घालू नका.

मेहुणा रस्ता ओलांडून आला. लांबून बघितलं, जवळून बघितलं, चष्मा काढून बघितलं.

"भावोजी, हा कोरा आहे."

"नीट बघ. वेगळी नजर लागते," काका म्हणाले.

काकूंना हसू आवरेना. "माझ्या हातून एक लग्न कोरं झालं होतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता तुमच्या हातून डोंगर. फिटंफाट." त्या दिवशी काकांनी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि धूळ पुसायचं फडकं काकूंच्या हातात दिलं.

खरी गंमत महिन्याभराने झाली. ताईच्या तोंडून तो तांब्यासारखा डोंगर रोज ऐकून ऐकून मेहुण्याच्या मनात भरला. आपण जाऊ आणि खराखुरा काढून आणू, असं त्याने जाहीर केलं. त्यासाठी पासपोर्ट हवा, पासपोर्टला फोटो हवा, आणि फोटोला मागे स्वच्छ पांढरं. मोबाइलवर काढलेले त्याचे स्वतःचे फोटो मागे सावली पडली म्हणून दोनदा परत आले होते. स्टुडिओतला पडदा काकूंची नीळ खाऊन एव्हाना आकाशी झाला होता.

काकांनी क्षणभर विचार केला आणि काचेतली चौकट उचलून आत आणली. स्टुलामागे उभी केली. इतकं एकसारखं, सावलीविना पांढरं त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं.

मेहुण्याने खुंटीवरचा काळा कोट चढवला, कंगवा फिरवला आणि अवघडून मागे बघितलं.

"ताई, मी डोंगराच्या नेमका कुठे बसतोय?"

"पायथ्याशी," काकू म्हणाल्या. "जरा डावीकडे सरक, खांद्याच्या आड येतोयस."

तो सरकला.

"हनुवटी जरा खाली," काका म्हणाले, कॅमेरा काकूंच्या भरवशावर सोडला आणि त्याच्या कॉलरकडे निघाले.